गोल्फचे घडीव पाते : स्पर्श आणि क्षमा

धातूला आकार देण्याच्या दोन जुन्या रीती आपल्याकडे सर्वांच्या परिचयाच्या आहेत. लोहार लोखंड तापवितो, ऐरणीवर धरतो आणि घणाचे घाव घालून त्यास रूप देतो. ओतारी धातू वितळवून साच्यात ओततो. पहिल्या रीतीने झालेली वस्तू घडीव, दुसऱ्या रीतीने झालेली ओतीव. विळा, कोयता, कुऱ्हाड या वस्तू घडीव; देवळातील घंटा आणि देव्हाऱ्यातील मूर्ती बहुधा ओतीव. या साध्या भेदावरून गोल्फ या खेळात गेली पन्नासाहून अधिक वर्षे मोठा वाद चालत आलेला आहे. त्या वादाचा इतिहास पाहिला असता लोहाराच्या कामाविषयी तर काही कळतेच. पण माणसाच्या चुकीशी त्याच्या साधनाने कसे वागावे, या प्रश्नावरही थोडा प्रकाश पडतो.

गोल्फचा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी लांबूनच पाहिलेला असेल. इंग्रजांबरोबर तो हिंदुस्थानात फार लवकर आला. कलकत्त्याचा क्लब 1829 मध्ये स्थापन झाला, मुंबईचा 1842 मध्ये. आणि बडोद्याच्या लोकांना लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील गोल्फचे मैदान ठाऊक आहेच. या खेळात स्वस्थ पडलेला लहानसा चेंडू काठीने मारीत दूरच्या एका भोकापर्यंत न्यावयाचा असतो. लांबच्या फटक्यांसाठी जाड डोक्याच्या काठ्या असतात; त्या पूर्वी लाकडाच्या असत. अखेरीस भोकाजवळ चेंडू हलकेच ढकलण्यासाठी जी काठी वापरतात तिला पटर म्हणतात. या दोहोंच्या मधला बहुतेक खेळ लोखंडी पात्याच्या काठ्यांनी खेळला जातो. त्यांना आयर्न असे नाव आहे. आयर्नचे पाते जितके मागे कललेले, तितका चेंडू उंच उडतो आणि जवळ पडतो. त्या कलानुसार काठ्यांना क्रमांक दिलेले असतात.

या पात्यांविषयी बोलताना खेळाडू दोन शब्द पुनःपुन्हा वापरतात. एक स्पर्श. चेंडू पात्यावर नेमका कोठे आणि कसा लागला हे हाताला कळणे, याला ते स्पर्श म्हणतात. दुसरा क्षमा. चेंडू पात्याच्या मध्यावर न लागता थोडा टाचेकडे किंवा चवड्याकडे लागला, तरी तो फारसा न भरकटता जवळजवळ ठरल्या जागी जाणे, ही पात्याची क्षमा. घडीव पाते स्पर्श देते आणि ओतीव पाते क्षमा करते, असा समज या खेळात दीर्घकाळ रूढ होता. इतिहास मात्र याहून निराळी गोष्ट सांगतो.

गोल्फचे माहेर स्कॉटलंड. तेथील पार्लमेंटाने 1457 मध्ये या खेळास बंदी केली. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून त्याच्या नादी लागतात, अशी राज्यकर्त्यांची तक्रार होती. गंमत अशी की, पुढे 1502 मध्ये त्याच देशाचा राजा चौथा जेम्स याने पर्थ येथील एका धनुष्य करणाऱ्या कारागिराकडूनच गोल्फच्या काठ्या विकत घेतल्याची नोंद आहे. लाकडाच्या काठ्या अशा निष्णात हातांच्या. लोखंडी पाती मात्र लोहारांकडून आणि चिलखते करणाऱ्या कारागिरांकडून येत. ती जाड, ओबडधोबड आणि वजनदार असत आणि त्यांचा उपयोगही मोजकाच होई. त्या काळचा चेंडू म्हणजे पिसे ठासून भरलेली चामड्याची पिशवी. लोखंडाच्या कडेचा एक वेडावाकडा घाव बसला की ती उसवे आणि महागडा चेंडू वाया जाई. म्हणून चेंडू गाडीच्या चाकोरीत रुतला, वाळूत अडकला किंवा दगडाला टेकला, तरच खेळाडू लोखंडाला हात घाली.

ही स्थिती पालटली ती चेंडूमुळे. 1848 च्या सुमारास गट्टापर्चा या मलायातील झाडांच्या चिकापासून केलेला चेंडू प्रचारात आला. हा पदार्थ स्कॉटलंडमध्ये पोहोचला त्याविषयी एक मनोरंजक कथा सांगितली जाते. सेंट अँड्र्यूज येथील एका गृहस्थाकडे पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली. वाटेत तिला धक्का लागू नये म्हणून तिच्याभोवती गट्टापर्चा भरलेला होता, आणि त्यातूनच त्या घरच्या मुलाला चेंडू करण्याची कल्पना सुचली! कथा खरी असो वा रचलेली, परिणाम निश्चित होता. नवा चेंडू स्वस्त होता, लोखंडाच्या घावाने फुटत नव्हता, आणि बिघडलाच तर ऊन पाण्यात मऊ करून पुन्हा वळता येत होता. लोखंडाची भीती गेली. 1868 ते 1872 या काळात चार वेळा ओपन स्पर्धा जिंकणारा तरुण टॉम मॉरिस हा, पूर्वी केवळ चाकोरीतून चेंडू काढण्यासाठी राखून ठेवलेल्या लहान पात्याच्या काठीने, चेंडू उंच उडवून हिरवळीवर अलगद उतरवू लागला.

त्यानंतर स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर एक नवा व्यवसायच उदयास आला. मसलबरा, सेंट अँड्र्यूज, लेव्हन, किंगहॉर्न अशा गावी लोहारांचे भाते केवळ गोल्फच्या पात्यांसाठी चालू लागले. प्रत्येक कारखानदार आपल्या मालावर आपली मुद्रा ठोकी. सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्ट्यूअर्टची मुद्रा चिलमीची, लेव्हनच्या जॉर्ज निकलची हाताच्या पंजाची. स्ट्यूअर्टच्या घडीव पात्यांना विशेष मान होता. अमेरिकेचा सुप्रसिद्ध हौशी खेळाडू बॉबी जोन्स, ज्याने 1930 या एकाच वर्षी ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या, तो त्यांचा चाहता होता. दांडे हिकरी या अमेरिकन लाकडाचे असत. पोलादी दांड्यांना अमेरिकेतील नियामक संस्थेने 1924 मध्ये आणि सेंट अँड्र्यूजच्या संस्थेने 1929 मध्ये मान्यता दिली. मग एकसारख्या, क्रमांक घातलेल्या काठ्यांचे संच निघू लागले. संख्या इतकी वाढली की, 1938 मध्ये अमेरिकेत आणि 1939 मध्ये ब्रिटनमध्ये एका खेळाडूस चौदाच काठ्या बाळगता येतील, असा नियम करावा लागला.

इतके सारे बदलले, तरी पात्याचा आकार तत्त्वतः तोच राहिला. सपाट मुख, मागे भरीव पाठ, आणि वजन बहुतांशी मध्याजवळ एकवटलेले. अशा पात्यावर एक मर्मबिंदू असतो. तो पात्याच्या गुरुत्वमध्याच्या नेमका समोर येतो. चेंडू तेथे लागला की पात्याचा सारा जोर चेंडूत उतरतो आणि हाताला जवळजवळ काहीच लागत नाही. लोणी कापल्यासारखे वाटते, असे खेळाडू म्हणतात. चेंडू तेथून थोडा बाजूला लागला, तर पाते दांड्याभोवती आणि स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती वळते, चेंडूचा वेग घटतो, दिशा फिरते आणि हाताला झिणझिण्या येतात. म्हणजे जुने घडीव पाते दोन कामे एकाच वेळी करीत असे. ते चूक सांगे आणि चुकीची शिक्षाही करी. ही दोन कामे वेगळी आहेत, याची कोणास कल्पनाही नव्हती.

या जुन्या पात्याचा सर्वांत निष्ठावान उपासक म्हणजे टेक्सासचा बेन होगन. फेब्रुवारी 1949 मध्ये मोटार अपघातात तो मरता मरता वाचला. सोळा महिन्यांनी, 1950 च्या जूनमध्ये, मेरिऑनच्या मैदानावर अमेरिकन ओपनच्या शेवटच्या भोकाशी, थकलेल्या पायांनी उभे राहून त्याने एक क्रमांकाच्या आयर्नने जो फटका मारला, त्याचे छायाचित्र गोल्फच्या इतिहासात अमर झाले आहे. बरोबरी साधून दुसऱ्या दिवशी त्याने ती स्पर्धा जिंकली. ती काठी त्याच सुमारास नाहीशी झाली आणि 1980 नंतरच्या काही वर्षांत पुन्हा सापडली. तेव्हा तिच्या मुखावरील झीज एका नाण्याएवढ्या जागेत एकवटलेली दिसली. ज्याचा चेंडू शेकडो वेळा त्याच जागी लागतो, त्याला क्षमेची गरज ती काय? होगनने 1953 मध्ये स्वतःचा कारखाना काढला आणि पहिला तयार माल मनास उतरला नाही म्हणून, भागीदारांचा विरोध असतानाही, तो मोडीत काढला. साधनाने खेळाडूशी खोटे बोलू नये, ही त्याची धारणा होती.

पण गोल्फ खेळणाऱ्यांत होगन किती असतात? उरलेल्या सर्वांच्या वतीने हा प्रश्न ज्याने विचारला तो व्यवसायाने खेळाडू नव्हता. कार्स्टन सोल्हाइम हा 1911 मध्ये नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला चांभाराचा मुलगा. पुढे तो जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अभियंता झाला. गोल्फची काठी त्याने हाती घेतली तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. भोकाजवळचा साधा चेंडूही त्याला नीट ढकलता येईना. दुसरा एखादा आपल्या हातांना दोष देऊन गप्प बसला असता. सोल्हाइमने पटरची परीक्षा केली. चेंडू मध्यावर न लागल्यास पाते वळते, हे त्याच्या ध्यानी आले. मग ते वळूच नये यासाठी काय करता येईल?

उत्तर आपल्या गावच्या जत्रेतही पाहावयास मिळते. डोंबारी दोरावर चालताना हातात लांब काठी आडवी धरतो. काठीचे वजन मध्यापासून दूर पसरलेले असल्यामुळे ती सहजासहजी फिरत नाही आणि तोल सावरावयास त्याला अवधी मिळतो. तेच वजन एका गोळ्यात आणून मुठीत धरले, तर त्याचा काहीच उपयोग होणार नाही. सोल्हाइमने आइस्क्रीमच्या काड्या आणि साखरेच्या वड्या घेऊन हेच तत्त्व पडताळून पाहिले. वजन मध्यावरून काढून टाच आणि चवडा या दोन टोकांस नेले. त्यातून 1959 मध्ये त्याचा पहिला पटर तयार झाला. चेंडू लागताच त्यातून जो टणत्कार होई, त्यावरून त्याने त्याचे नाव ‘पिंग’ ठेवले.

आयर्नच्या इतिहासातील निर्णायक क्षण यानंतरचा आहे, आणि तो पुष्कळांच्या स्मरणातून गेला आहे. 1961 मध्ये सोल्हाइमने आपल्या पहिल्या आयर्न केल्या, त्या ओतीव नव्हत्या. त्याने घडीव पाती घेतली आणि त्यांच्या पाठीवरील धातू यंत्राने कोरून काढला. पाठ पोकळ झाली, वजन कडांकडे गेले, आणि त्याच घडीव लोखंडाच्या अंगी क्षमा आली. तेव्हा क्षमा ही ओतकामाची देणगी नव्हे. ती वजनाच्या मांडणीची देणगी आहे. पुढे 1969 मध्ये त्याने ओतकामाचा आश्रय केला तो वेगळ्या कारणासाठी. प्रत्येक पाते कोरीत बसणे खर्चाचे आणि वेळखाऊ काम होते. मेणाचा नमुना करावयाचा, त्यावर मातीसारख्या द्रवाचे थर चढवून कठीण कवच करावयाचे, मेण वितळवून काढावयाचे आणि त्या पोकळीत तप्त पोलाद ओतावयाचे, ही रीत गुंतागुंतीच्या आकारांना अधिक सोयीची. दक्षिणेतील पंचधातूच्या मूर्ती घडविणाऱ्या शिल्पींनी शतकानुशतके हेच तत्त्व वापरले आहे. 1982 मध्ये निघालेल्या ‘आय टू’ या पिंगच्या आयर्नचा खप अफाट झाला, आणि घडीव पात्यांचे दिवस भरले असे अनेकांना वाटू लागले.

जुन्या पक्षाचे म्हणणे असे की, ओतीव पात्यात जीव नाही. हाताला काही कळत नाही. या तक्रारीत तथ्य किती? चेंडू आणि पाते यांचा संपर्क सुमारे अर्धा सहस्रांश सेकंद टिकतो. हाताला धक्का जाणवेपर्यंत चेंडू पाते सोडून गेलेला असतो. म्हणजे स्पर्श त्या फटक्याच्या उपयोगी पडत नाही. तो उपयोगी पडतो पुढच्या फटक्याला. इंग्लंडातील लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, खेळाडू ज्याला स्पर्श म्हणतात त्याचा त्या फटक्याच्या आवाजाशी निकटचा संबंध असतो. जे हाताला वाटते म्हणून आपण म्हणतो, त्यातील मोठा वाटा कानाचा! आणि आवाज ठरतो तो मुख्यतः पात्याचा आकार, जाडी आणि वजनाची मांडणी यांवरून. घाव घालून घडविले की साच्यात ओतले, एवढ्यावरून नव्हे. बबा वॉटसनने 2012 ची मास्टर्स स्पर्धा पिंगच्या ओतीव आयर्नने जिंकली, ही गोष्ट त्या तक्रारकर्त्यांना निरुत्तर करावयास पुरेशी आहे.

मग घडीव पात्याचे महत्त्व संपले काय? तसेही नाही. त्याची परंपरा जपानने जोपासली. हिमेजीजवळचे इचिकावा हे गाव तेथील घडीव आयर्नचे जन्मस्थान मानले जाते. मिझुनो या कंपनीची पाती हिरोशिमा येथे 1968 पासून घडविली जात आहेत. सुमारे पाव टक्का कार्बन असलेल्या मऊ पोलादाची कांब लालबुंद तापवून दाबयंत्राखाली अशा रीतीने ठोकतात की, धातूच्या कणांची रेषा अखंड राहावी. 1997 मध्ये टायगर वुड्सने मास्टर्स स्पर्धेत बारा फटक्यांच्या आघाडीने जो विजय मिळविला, त्या वेळी त्याच्याजवळ मिझुनोच्या घडीव आयर्न होत्या. मऊ पोलादाचा एक व्यावहारिक गुणही आहे. उंच, बुटक्या किंवा वाकून उभे राहणाऱ्या खेळाडूस अनुरूप असा पात्याचा कोन एक-दोन अंशांनी वाकवून घेता येतो. कठीण ओतीव पोलाद इतके आज्ञाधारक नसते. उलट, मऊ पात्यावर ओरखडे आणि पोचे लवकर पडतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

गेल्या काही दशकांत या दोन प्रवाहांचा संगम झाला आहे. घडीव पात्याची पाठ सोल्हाइमप्रमाणे पोकळ ठेवतात. टाच आणि चवडा येथे टंगस्टन बसवितात, जे पोलादाच्या सुमारे अडीचपट जड असते. 2015 नंतर तर आतून पोकळ असलेल्या आणि त्या पोकळीत मऊ द्रव्य भरून आवाज सौम्य केलेल्या आयर्न लोकप्रिय झाल्या. टेलरमेडची 2017 मधील ‘पी सातशे नव्वद’ ही त्यांपैकीच. अशा काठ्यांवर ‘घडीव’ हा शब्द कोरलेला असतो. परंतु कित्येकदा केवळ मुख किंवा केवळ धड घडीव असते. म्हणून तो शब्द पाहून भुलण्यात अर्थ नाही. जाणकार ग्राहक पाते उलटे करून पाठ पाहतो. वजन कोठे आहे, तळ किती रुंद आहे, वरची कड किती जाड आहे, हे तेथे उघड दिसते.

निवड कशी करावी, याचे उत्तरही या इतिहासातच आहे. होगनच्या काठीवर जी झिजेची खूण होती, तिचाच शोध प्रत्येकाने आपल्या काठीवर घ्यावा. पात्याच्या मुखावर पावडरीचा पातळ थर देऊन वीस चेंडू मारावेत आणि दर वेळी उमटलेला ठसा पाहावा. ठसे एका नाण्याएवढ्या जागेत पडत असतील, तर भरीव पाठीचे घडीव पाते निःशंक घ्यावे. त्याचा सूक्ष्म प्रतिसाद त्या हाताला कळेल आणि चेंडूला वळण देणेही साधेल. ठसे मध्याच्या आसपास पण थोडे विखुरलेले असतील, तर पोकळ पाठीचे घडीव पाते योग्य. ते टाचेपासून चवड्यापर्यंत सर्वत्र पसरलेले असतील, तर अधिक रुंद, अधिक क्षमाशील पाते घेण्यात कमीपणा मानू नये. काठी जमिनीत रुतत असेल त्याने तळ रुंद घ्यावा. शिवाय सर्व काठ्या एकाच जातीच्या असल्या पाहिजेत, असा नियम कोठेही नाही. लांब दांड्याच्या, कमी कलाच्या काठ्यांनी चूक अधिक होते; तेथे क्षमा घ्यावी. आखूड काठ्यांनी नेमकेपणा साधावयाचा असतो. तेथे स्पर्श घ्यावा. कित्येक धंदेवाईक खेळाडूही हेच करतात.

एका भ्रमापासून मात्र सावध राहावे. आजच्या क्षमाशील आयर्नवर सात हा आकडा असला, तरी तिचा कल जुन्या काळच्या सहा किंवा पाच क्रमांकाएवढा असू शकतो. चेंडू लांब गेला तो आकड्याच्या बदलाने, क्षमेने नव्हे. दुकानात वीस यार्ड लांब गेलेला चेंडू पाहून खरेदी करणारा गृहस्थ क्षमा विकत घेत नाही, क्रमांक विकत घेतो.

चुकीला क्षमा करणारे साधन खेळाडूस आळशी बनविते, असे जुन्या मताचे शिक्षक म्हणत. त्यांचा युक्तिवाद छडीच्या शिक्षकासारखा आहे. वस्तुतः विद्यार्थी शिकतो तो छडीमुळे नव्हे; आपण कोठे चुकलो हे कळल्यामुळे शिकतो. ज्याला चूक वाचता येत नाही त्याला शिक्षेतून काहीच मिळत नाही. तो खेळ सोडून जातो. क्षमा अतिरेकाची झाली तर चूक मुळी कळतच नाही, हेही खरे; अत्यंत क्षमाशील पात्यावर मध्यावरचा आणि कडेचा फटका हाताला सारखाच वाटू लागतो. दोन्ही गुण एकाच पात्यात पूर्णत्वाने नांदत नाहीत, काही ना काही सोडावेच लागते. पण स्कॉटलंडच्या लोहारांपासून सोल्हाइमच्या साखरेच्या वड्यांपर्यंतच्या प्रवासात एवढे निश्चित सिद्ध झाले की, चूक सांगणे आणि चुकीची शिक्षा करणे ही दोन कामे वेगळी करता येतात. हाताला खरे सांगावे आणि चेंडूला वाटेवर ठेवावे, एवढेच चांगल्या पात्याचे काम. ते घणाखालून आले की साच्यातून, हा प्रश्न त्यानंतरचा.